पॅसेजनंतर पेशी मरतात, आणि मग एक दिवस मरेनाशा होतात: मानवी प्लुरिपोटंट स्टेम सेल कल्चरमधली वारंवार येणारी अडचण

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. मानवी आयपीएस (प्रौढ पेशींना मागे नेऊन बनवलेल्या) किंवा भ्रूणीय स्टेम पेशींची, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी बनू शकणाऱ्या प्लुरिपोटंट पेशींची, प्लेट चांगली दिसत होती. कॉलनी घट्ट, कडा स्वच्छ. पॅसेज केला, म्हणजे पेशी सोडवून नव्या प्लेटवर पेरल्या, आणि दुसऱ्या दिवशी मिडियमवर मेलेल्या पेशींचा थर तरंगतोय, तळाशी इथेतिथे थोड्या चिकटलेल्या. त्या थोड्या वाढवल्या, पुन्हा पॅसेज केला, पुन्हा तेच. असं बरेच दिवस चालतं आणि मग एका पॅसेजला सगळं अचानक सुरळीत होतं. पेशी भराभर चिकटतात, पूर्वी १:३ स्प्लिटलाही (एका प्लेटच्या तीन करतानाही) कुरकुरणारी लाइन, म्हणजे एकाच मुळापासून वाढवत आणलेल्या पेशी, १:१० ला आनंदाने भरते. लॅबमध्ये सगळ्यांना हायसं वाटतं आणि विषय तिथेच मिटतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की विषय तिथे मिटवू नका. पेशी मरणं आणि पेशी मरेनाशा होणं ही बऱ्याचदा एकाच अडचणीची दोन टोकं असतात. मरण्याचं कारण न शोधता जगलेल्या पेशी पुढे नेत राहिलं, तर प्रत्येक पॅसेज ही चाळण होते आणि तिच्यातून मरायला नकार देणाऱ्या पेशी खाली उतरत जातात. पुढे ज्या पेशींपासून रोग्याच्या डोळ्यात किंवा मेंदूत घालायच्या पेशी बनवायच्या, त्यांच्यात हा गुण आपल्याला मुळीच नको आहे.

या पेशी इतक्या नाजूक का

जेम्स थॉमसन यांच्या गटाने १९९८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात मानवी भ्रूणीय स्टेम पेशी पहिल्यांदा वेगळ्या केल्या. त्यानंतर कितीतरी वर्षं बहुतेक लोक त्या पुंजक्यांनीच पॅसेज करत असत, कारण एकेक पेशी सुटी केली की शंभरातली जेमतेम एखादी कॉलनी धरायची. उंदराच्या भ्रूणीय पेशींना हा त्रास नव्हता, म्हणून मानवी पेशींचं हे वागणं कोड्यात टाकणारं होतं. २००७ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतल्या योशिकी सासाई यांच्या गटाने दाखवलं की रॉक किनेज (पेशीचं आकसणं चालवणारं एन्झाइम) रोखणारं वाय-२७६३२ हे रसायन १० मायक्रोमोलर घातलं, तर सुट्या पेशींपासून कॉलनी बनण्याचं प्रमाण साधारण १ टक्क्यावरून २७ टक्क्यांच्या आसपास जातं. तीन वर्षांनी कारणही कळलं. शेजारच्या पेशीला धरून ठेवणारं ई-कॅडहेरिनचं बंधन तुटताच पेशीच्या आतलं अ‍ॅक्टिन-मायोसिनचं जाळं बेफाम आकसायला लागतं, पडद्यावर फुगे उठतात, आणि पेशी स्वतःच्या मृत्यूचा कार्यक्रम सुरू करते.

हे पक्कं डोक्यात ठेवलं की पुढची तपासणी सोपी जाते. पेशी एन्झाइमने भाजून मरत नाही, एकटी पडून मरते.

आधी पाहा: पेशी कधी मरतात

"पेशी मेल्या" एवढ्या माहितीवर काहीच सांगता येत नाही. वेळ सांगा. पॅसेजनंतर दोन-तीन तासांनी, दुसऱ्या दिवशी सकाळी आणि तिसऱ्या दिवशी अशा तीन वेळा प्लेट मायक्रोस्कोपखाली बघा आणि फोटो काढा. निम्मं निदान त्या फोटोंतच होतं.

दोन-तीन तासांनीही पेशी गोल, चकचकीत आणि मोकळ्या तरंगत असतील, तर कोटिंगवर, म्हणजे पेशी चिकटाव्यात म्हणून प्लेटला दिलेल्या प्रथिनांच्या थरावर, संशय घ्या. मॅट्रिजेल हे कोटिंग उंदराच्या सार्कोमापासून (एक प्रकारची कर्करोगाची गाठ) काढलेलं असतं, गारठ्यात पातळ राहतं आणि साधारण १० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की घट्ट व्हायला लागतं. व्हायल बर्फात ठेवून रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्यायची, टिप आणि ट्यूब गार घ्यायच्या, पातळ करायचं मिडियमही गारच हवं. ट्यूबमध्येच गुठळी झाली तर प्लेटवर ठिकठिकाणी जाड आणि मधेमधे कोरडं असं कोटिंग बसतं, आणि पेशी बेटाबेटांनी चिकटतात. दुसरी चूक म्हणजे सगळ्या लॉटना एकच प्रमाण लावणं. प्रथिनाचं प्रमाण लॉटगणिक बदलतं, म्हणून त्या लॉटच्या कागदावरचा आकडा वाचूनच पातळ करा. व्हिट्रोनेक्टिन या दुसऱ्या कोटिंगमध्ये गुठळीचा प्रश्न नसतो, पण काही व्हिट्रोनेक्टिन टिश्यू कल्चर ट्रीटमेंट नसलेल्या प्लेटसाठी बनवलेलं असतं. प्लेट चुकली की पेशी चादरीसारख्या सुटून येतात. खात्री करायची असेल तर एकाच ट्यूबमधल्या पेशी नव्या आणि जुन्या कोटिंगच्या विहिरींत शेजारी-शेजारी टाका. त्यावर वाद उरत नाही.

पेशी संध्याकाळी चिकटल्या आणि सकाळी सुटल्या, तर गडबड पेशी सुट्या करण्याच्या पायरीत आहे. इथे जरा थांबूया, कारण सगळ्यात जास्त पेशी इथेच जातात.

नेहमीच्या देखभालीसाठी मी ईडीटीएच्याच (कॅल्शियम पकडून पेशींची पकड सैल करणारं रसायन) बाजूने आहे. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसमध्ये (क्षारांच्या द्रावणात) ०.५ मिलिमोलर, तीन ते पाच मिनिटं, आणि कॉलनीतल्या पेशींमध्ये बारीक फटी दिसायला लागल्या की ईडीटीए काढून टाकायचं. मग मिडियमचा फवारा देऊन पुंजके सोडवायचे. मिडियम घालताक्षणी कॅल्शियम परत येतं आणि पेशी तळाला पुन्हा धरू लागतात. म्हणून हात चालवायचा तो या क्षणी. उशीर झाला आणि पेशी निघेनात, तर खरवडू नका, पुन्हा ईडीटीए घाला. खरवडून काढलेल्या पेशी मोजताना बऱ्या दिसतात आणि रात्रीत मरतात. पिपेटने वरखाली करणंही तीन-चार वेळांत संपवा. पुंजके एकसारखे करण्याच्या हौसेपायी त्यांचा चुरा होतो.

एकेक पेशी सुटीच करायची असेल, म्हणजे मोजून पेरायच्या असतील किंवा जनुकांचं एडिटिंग करायचं असेल, तर वाय-२७६३२ केव्हा घालता ते तपासा. पुष्कळ जण ते फक्त पेरणीच्या मिडियममध्ये घालतात. आकसणं मात्र पेशी सुटी झाल्यावर काही मिनिटांतच सुरू होतं, आणि सेंट्रिफ्यूज, मोजणी, मिसळणं यांत अर्धा तास सहज जातो. म्हणून पेशी ज्या पहिल्या द्रवात जातील त्यातही ते हवं. स्टॉक छोट्या भागांत गोठवा आणि एक भाग पुन्हापुन्हा वितळवू नका. २४ तासांनी मिडियम बदलून ते काढून टाका. दरम्यान पेशी लांबट, काटेरी, पाय पसरल्यासारख्या दिसतात. नवीन मुलं हे पाहून पेशी डिफरन्शिएट झाल्या, म्हणजे दुसऱ्याच प्रकारच्या पेशी बनल्या, असं समजतात आणि चांगली प्लेट फेकून देतात. वाय-२७६३२ काढल्यावर एका दिवसात त्या पुन्हा एकत्र येतात, तोवर धीर धरा.

अलीकडचा आणखी चांगला पर्याय म्हणजे सीईपीटी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या गटाने २०२१ मध्ये हे चार घटकांचं मिश्रण मांडलं: क्रोमॅन १, एम्रिकासान, पॉलिअमाइन आणि ट्रान्स-आयएसआरआयबी. त्यातला क्रोमॅन १ रॉकलाच रोखतो, पण वाय-२७६३२ पेक्षा कितीतरी कमी मात्रेत, ५० नॅनोमोलरला. बाकीचे घटक पेशीवरचे इतर ताण सांभाळतात. रोजच्या पॅसेजला याची गरज नाही, पण एकेका पेशीपासून क्लोन वाढवताना खर्च सार्थकी लागतो.

पेशी दोन दिवस टिकल्या आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढासळल्या, तर मिडियम आणि दाटी बघा. एफजीएफ२ हे वाढघटक ३७ अंशांवर लवकर निकामी होतं. सबंध बाटली रोज वॉटर बाथमध्ये ठेवणं म्हणजे रोज थोडं थोडं एफजीएफ२ ओतून देणं. लागेल तेवढंच काढा आणि खोलीच्या तापमानाला येऊ द्या. ई८ सारखं मिडियम आठच घटकांचं आहे, त्यात अल्ब्युमिन नाही, त्यामुळे चुका पोटात घालणारं असं त्यात काही नाही. एक दिवस मिडियम बदलायचं राहिलं तरी पेशी ते दाखवतात.

दाटीचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पॅसेजनंतरच्या बऱ्याचशा मृत्यूंचं कारण पॅसेजच्या आदल्या दिवशीच तयार झालेलं असतं. सोमवारी करू म्हणून प्लेट शनिवार-रविवार तशीच ठेवली, मिडियम पिवळं पडलं, कॉलनीच्या मध्यभागी पेशी एकमेकींवर चढल्या. साचलेल्या लॅक्टिक आम्लामुळे मिडियमचा सामू घसरतो, आणि अशा दाट कल्चरमध्ये पेशींच्या डीएनएला इजा होते हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं आहे. त्या अवस्थेतली पेशी सुटी केली की आधीच जखमी असलेली पेशी एकटी पडते. म्हणून ६० ते ७० टक्के भरली की पॅसेज करा, मग तो सुट्टीचा दिवस का असेना. शनिवार-रविवार मोकळे हवे असतील तर गुरुवारी स्प्लिट थोडा विरळ करा. प्लेट दाट होऊ देऊन सुट्टी मिळवू नका.

आणि मायकोप्लाझ्मा, कल्चरमध्ये घुसणारा एक सूक्ष्म जिवाणू. मिडियम गढूळ होत नाही, साध्या मायक्रोस्कोपखाली काही दिसत नाही, पेनिसिलिनचा उपयोग होत नाही कारण या जिवाणूला पेशीभित्तिकाच नसते. पीसीआर (डीएनए शोधणारी चाचणी) करा, आणि बाहेरून आलेली प्रत्येक लाइन निकाल येईपर्यंत वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा.

मग अचानक सगळं ठीक झालं तर?

समजा वरचं काहीच बदललं नाही. तेच कोटिंग, तेच हात, तोच मिडियम, आणि लाइन मात्र सुधारली. अशा वेळी पहिला संशय क्रोमोसोम २० च्या लांब बाहूवरच्या २०क्यू११.२१ या भागावर घ्या.

२०११ मध्ये इंटरनॅशनल स्टेम सेल इनिशिएटिव्हने जगभरातल्या ३८ लॅबमधल्या १२५ भ्रूणीय आणि ११ आयपीएस लाइन तपासल्या. बहुतेक लाइन ठीक होत्या, पण कल्चर जितकं लांबलं तितका क्रोमोसोम १, १२, १७ आणि २० यांच्यात बदल होण्याकडे कल दिसला. २०क्यू११.२१ चा छोटा तुकडा वाढलेला तर २० टक्क्यांहून अधिक लाइनमध्ये सापडला. या तुकड्यात बीसीएल२एल१ हे जनुक आहे. ते बीसीएल-एक्सएल नावाचं प्रथिन बनवतं, आणि त्या प्रथिनाचं कामच पेशीला आत्मघातापासून वाचवणं हे आहे. ज्या पेशीकडे या जनुकाची एक प्रत जास्त, ती एकटी पडली तरी मरत नाही. म्हणजे आपल्या प्रत्येक वाईट पॅसेजने नेमकं त्याच पेशीला पुढे काढलं.

ही पेशी सगळ्या नेहमीच्या परीक्षांत उत्तीर्ण होते, हे खरं दुखणं आहे. ओसीटी४, नॅनॉग, टीआरए-१-६० ही प्लुरिपोटंट पेशींची ओळखचिन्हं सगळी व्यवस्थित. कॉलनी देखण्या. जी-बँड कॅरिओटाइपमध्ये (क्रोमोसोम रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहण्याची चाचणी) साधारण ५ ते १० मेगाबेसपेक्षा लहान बदल दिसत नाही आणि हा तुकडा बऱ्याचदा त्याहून लहान असतो. रिपोर्टवर "सामान्य" लिहून येतं आणि आपण तो फाइलला लावतो. शिवाय कॅरिओटाइपसाठी २० पेशी मोजल्या, तर १० टक्के पेशींत असलेला बदल त्यात एकदाही न सापडण्याची शक्यता १२ टक्क्यांच्या आसपास उरते. ०.९ ला वीस वेळा गुणून पाहा.

म्हणून कॅरिओटाइपच्या जोडीला २०क्यू११.२१ साठी वेगळी चाचणी हवी. क्यूपीसीआर (डीएनएच्या प्रती मोजणारी पीसीआर) स्वस्त आहे, पण बदललेल्या पेशी थोड्या असतील तर ते त्यांना झाकतं: १० टक्के पेशींत दोनच्या तीन प्रती झाल्या तर सबंध नमुन्याची सरासरी २.१ येते, आणि हा फरक क्यूपीसीआरच्या चढउतारात हरवतो. फिशमध्ये (क्रोमोसोमचा ठराविक भाग चमकवून पाहण्याची चाचणी) एकेक पेशी मोजता येते, डिजिटल पीसीआरची मोजणी जास्त काटेकोर असते. जी उपलब्ध असेल ती करा, पण पेशींच्या वागण्यात बदल दिसला त्याच आठवड्यात करा. वाय-२७६३२ घालायचं विसरलं आणि तरी सगळ्या पेशी जगल्या, तर त्याला नशीब समजू नका. नमुना काढून ठेवा.

एडिटिंग करताना हीच चाळण आणखी बारीक होते

क्रिस्परने जनुक बदलताना पेशीला एकामागोमाग एक तीन फटके बसतात: ती सुटी होते, तिला विजेचा झटका बसतो, आणि क्रिस्परचं कापणारं प्रथिन कॅस९ तिच्या डीएनएचे दोन्ही धागे कापतं. २०१८ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी मानवी पेशींत दाखवलं की हा काप पी५३ ला, म्हणजे डीएनएला इजा झाली की पेशीला थांबवणाऱ्या किंवा मारणाऱ्या प्रथिनाला, जागं करतो. त्यांतल्या एका गटाचं काम मानवी प्लुरिपोटंट पेशींवरच होतं, आणि त्यात कापामुळे बहुतेक पेशी मरताना दिसल्या. म्हणजे ज्या पेशीचं पी५३ बिघडलेलं आहे तिला इथे सरळ फायदा. अशा पेशी आधीपासून असू शकतात, ही केवळ शंका नाही. २०१७ मध्ये १४० भ्रूणीय लाइन तपासल्यावर त्यांपैकी पाच लाइनमध्ये टीपी५३ चे (पी५३ बनवणारं जनुक) सहा बदल आढळले, आणि ते कर्करोगात दिसणाऱ्या बदलांसारखेच होते.

"एडिटिंगनंतर दोनच क्लोन जगले, पण फार छान वाढतायत" असं वाक्य ऐकलं की मला काळजी वाटते. काय करता येईल ते सांगतो. एडिटिंगच्या आधी मूळ लाइनची २०क्यू आणि टीपी५३ तपासणी करा, कारण क्लोनमध्ये सापडलेला बदल आधीचा की नंतरचा हे नाहीतर कधीच कळणार नाही. कॅस९ प्लाझ्मिडऐवजी (ते बनवायला लावणाऱ्या डीएनएच्या कड्याऐवजी) तयार प्रथिन आणि कापाची जागा दाखवणारं गाइड आरएनए एकत्र करून द्या. ते एक-दोन दिवसांत निघून जातं आणि काप कमी काळ होत राहतात. एकाच अक्षराचा बदल करायचा असेल तर बेस एडिटिंग किंवा प्राइम एडिटिंग आधी विचारात घ्या, त्यात दोन्ही धागे एकदम तुटत नाहीत. पी५३ तात्पुरतं दाबून क्लोनची संख्या वाढवण्याची युक्ती वापरली जाते, पण उपचारासाठीच्या लाइनमध्ये मी ती वापरणार नाही. डीएनएला इजा होत असतानाच पहारेकऱ्याला झोपवणं मला पटत नाही.

एडिट न झालेले पण त्याच प्रक्रियेतून गेलेले दोन-तीन क्लोनही ठेवा. तुलना फक्त मूळ लाइनशी केली तर फरक एडिटमुळे की चाळणीमुळे, हे कळत नाही.

शेवटी एक सापळा. पीसीआर आणि सिक्वेन्सिंगमध्ये क्लोन दोन्ही प्रतींवर नीट एडिट झालेला दिसतो. प्रत्यक्षात एका प्रतीवर कापाच्या जागी मोठा तुकडा गळालेला असतो, प्रायमरची (पीसीआर जिथे सुरू होते ती) जागाच गेल्यामुळे ती प्रत पीसीआरमध्ये येत नाही, आणि उरलेली एकच प्रत दिसते. आजूबाजूचा एखादा एसएनपी (डीएनएतला एका अक्षराचा फरक), जो मूळ लाइनमध्ये दोन रूपांत होता, तो क्लोनमध्येही दोन रूपांत आहे का ते पाहा. त्या जागेच्या प्रती क्यूपीसीआरने मोजा. एका दिवसाचं काम आहे.

लाइन बिघडलीच असेल तर

ती सुधारायच्या मागे लागू नका. बदललेल्या पेशी चांगल्यांपेक्षा जोमाने वाढतात, त्यामुळे प्रमाण दर पॅसेजला त्यांच्याच बाजूने झुकतं. सुरुवातीच्या पॅसेजची गोठवलेली बँक काढा. पण वितळवलेली व्हायल वापरण्याआधी तीही तपासा, कारण बँक करतेवेळी तपासणी झाली नसेल तर बिघाड तिच्यातही असू शकतो. बँक नसेल आणि लाइन दुर्मीळ रुग्णाची असेल, तरच उपक्लोन करून बघा: सीईपीटीमध्ये एकेक पेशी पेरा, पुष्कळ क्लोन उचला, आणि सगळ्यात वेगाने वाढणारा क्लोन आवडता करू नका.

इतकी खबरदारी कशासाठी, असं विचारणाऱ्यांना मी एकच उदाहरण देतो. सप्टेंबर २०१४ मध्ये रिकेनच्या मासायो ताकाहाशी यांच्या नेतृत्वाखाली आयपीएस पेशींपासून बनवलेला दृष्टिपटलाचा थर पहिल्यांदा एका रुग्णाच्या डोळ्यात बसवला गेला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशीही तयार होत्या. तपासणीत त्यांच्यात जनुकीय बदल दिसले आणि २०१५ मध्ये ते प्रत्यारोपण थांबवलं गेलं. तपासलं म्हणून थांबता आलं. शिवाय २०क्यूचा बदल पेशींचं भवितव्यही वळवतो: २०१९ च्या एका अभ्यासात अशा पेशी चेतासंस्थेच्या दिशेने नीट वळत नाहीत असं दिसलं. तुमचा चेतापेशींचा प्रोटोकॉल अचानक चालेनासा झाला असेल, तर नवीन वाढघटक मागवण्याआधी मूळ लाइन तपासून घ्या.

मदत मागताना या गोष्टी सोबत लिहा: पॅसेज क्रमांक, कोटिंगचा लॉट, मिडियम, सुटं करण्याचं रसायन आणि मिनिटं, पॅसेजच्या वेळी प्लेट किती भरली होती, तिन्ही वेळांचे फोटो, शेवटची मायकोप्लाझ्मा चाचणी आणि शेवटची २०क्यू चाचणी. शेवटच्या दोन तारखा सांगता येत नसतील, तर आधी त्या चाचण्या करून घ्या आणि निकाल येईपर्यंत त्या लाइनवर नवीन एडिटिंग सुरू करू नका.